उसनं नाक

"ओ आक्का! माणसं राहतात इथं, माणसं! गिधाडं नव्हेत!"

टेलरमास्तरांची खिडकी धाडकन आपटली, आणि खाली अंगणात हौदाच्या काठावर उभ्या असलेल्या आक्काचा चेहरा एकदम उजळला. दुसऱ्या कुणा बाईला असं कुणी ऐकवलं असतं तर तिने पदर खोचला असता. आक्का मात्र ताग सोलणाऱ्या बायकांकडे वळून म्हणाली, "चला गं, पेंढ्या काढा. आत्ताच्या आत्ता."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आक्का म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिला कुणी एक सुनावलं तर ती दहा परत करणार, ही साऱ्या गल्लीची खात्री. आणि हल्ली मास्तर खिडकीतून तोंडाला येईल ते बोलतात नि ही मुकाट्याने हौद रिकामा करायला लावते! वयाने नरमली असेल, असं एकीने ठरवून टाकलं. दुसरी म्हणाली, नरमतेय कसली, काहीतरी शिजतंय. दुसरीचं बरोबर होतं, पण काय शिजतंय ते तिच्या बापालाही कळलं नसतं.

त्याचं असं होतं. आक्काच्या घरी पुढे राहायच्या खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात सिमेंटचे दोन हौद आणि कडेला पत्र्याखाली दोर वळायची चाकं. मोठ्या हौदात तागाच्या काड्या पेंढ्या बांधून भिजत घालायच्या आणि वर दगड ठेवायचे. पाण्यात साल कुजत जाते, तिचा चिकटा सुटतो, आणि मग काडीवरून साल ओढली की लांबच लांब धागा हातात येतो. त्याला वाख म्हणतात. तो धाकट्या हौदात धुवायचा, वाळवायचा, आणि त्याचे दोर नि चटया करायच्या. सांगायला एवढंच. सगळी मेख पेंढ्या काढायच्या कधी यात आहे. लवकर काढल्या तर चिकटा वाखाला धरून बसतो आणि तो घालवायला पाणी ओत ओत ओतावं लागतं. उशीर झाला तर साल झकास सुटते, पण वाखातला जीवही जातो. जरा ताण दिला की तुटतो, नि सगळा माल चुलीत घालायच्या लायकीचा उरतो.

काडी मोडून बघता येते, सगळे बघतातही. पण काडी फक्त स्वतःपुरतं सांगते. दगडाखालची म्हणते झालं, कडेची म्हणते थांब. अख्ख्या हौदाचं काय म्हणणं आहे ते वासावरूनच कळतं. आधी हिरवा वास येतो, मग आंबूस, मग त्या आंबुसात एक गोडसरपणा शिरतो, आणि तो गोडसरपणा सरला की पेंढ्या काढायच्या. उशीर केला तर नुसती घाण. हे आक्काला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि पुढे सासूच तिला विचारायला लागली होती, "बघ गं, झालं का?"

त्या नाकाच्या जोरावर आक्काचा हौद पाण्याला फार कंजूस होता. जुनं आंबलेलं पाणी ती सगळं कधी सोडत नसे. दह्याला विरजण ठेवावं तसं थोडं तळाशी ठेवायची, त्याने पुढच्या पेंढ्या लवकर होत. धुताना शेवटचं पाणी जवळजवळ निवळ असायचं, ते पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला. वेळेवर काढलेला वाख एका हौदात लख्ख व्हायचा. आक्का म्हणायची, धुवायला पाणी किती लागणार ते भिजवतानाच ठरतं. आणि ते खरंच होतं.

मग मागल्या थंडीत तिला ताप आला. ताप चार दिवसांत गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

पहिल्यांदा तिला वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. वास काही आला नाही. साबणाला नाही, रॉकेलला नाही, हौदाला तर नाहीच. एकदा दूध करपून भांडं काळं झालं तरी ती शेजारी बसून लसूण सोलत होती. सून धावत आली तेव्हा म्हणाली, "लक्ष नव्हतं गं माझं." लक्ष नेहमीसारखं होतं, नाक नव्हतं. पण ते बोलायचं कसं? माणसाला दिसायला कमी आलं तर चष्मा मिळतो, ऐकू येईना तर लोक ओरडून बोलतात. हौदावरच्या बाईचं नाक गेलं तर तिला हौदावर ठेवून करायचं काय? या एका विचाराने आक्काची दातखीळ बसली. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

आणि मग चोरासारखी ती घाबरत घाबरत हौद चालवायला लागली. माल कुजून जायला नको म्हणून पेंढ्या लवकर काढायची. वाख चिकट निघायचा, मग धू, परत धू, अजून एकदा धू. विरजणाचं पाणी गेलं, शेवटच्या पाण्याची काटकसर गेली. पंप चालू झाला की बंद व्हायचं नाव घेईना. बायकांचे हात पाण्यात राहून पांढरे पडले. यंदा ताग वाईट आहे, असं आक्का सांगायची. बिचाऱ्या तागाला काय, त्याला कुठे तोंड होतं!

पण गल्लीत विहीर एकच. तिच्यावर आक्काचा हौद, कोपऱ्यावरची लॉन्ड्री आणि सगळी घरं. त्यातून हे वर्ष कोरडं. विहीर तळाला गेली, पंप पाण्याबरोबर गाळ ओढायला लागला, आणि गल्लीने बैठक बोलावली. आक्काचा मुलगा बैठकीहून आला तो मान खाली घालूनच.

"आई, लोकांचं चुकत नाहीये. एक हौद भिजवायला, एक धुवायला, त्याच्यावर थेंब मिळणार नाही. जमत नसेल तर भिजवणं बंद करू. मी तयार वाख आणतो, आपण नुसते दोर वळू."

"आणि मी काय करू?"

"तू आराम कर ना आता. खूप केलंस."

आराम! आईला आराम द्यायची हुक्की मुलांना नेमकी तेव्हा येते, जेव्हा तिला तो नको असतो.  त्या दिवशी आक्का हौदाच्या काठावर बसून राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा तिला या घरात कुणी ओळखत नव्हतं. या हौदाने तिला आक्का केलं होतं. तो गेला तर आपण नुसती म्हातारी उरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिला यातून बाहेर काढलं ते टेलरमास्तरांनी, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मास्तर वरच्या मजल्यावर राहायचे नि तिथेच शिवायचे. त्यांची खिडकी बरोबर हौदावर उघडायची. माणूस टापटिपीचा, इस्त्रीच्या घडीत जन्मल्यासारखा, आणि नाक असं तिखट की खालच्या घरात काडेपेटीची काडी ओढली तरी यांना वर ठसका लागायचा. हौदाच्या वासावरून त्यांचं नि आक्काचं वर्षानुवर्षं वाजत आलेलं. एकदा ते असेच खिडकीतून कडाडले, "अहो, नाकातले केस जळाले माझे!" आक्का तेव्हा आधीच वैतागलेली होती. "काढा गं त्या पेंढ्या, या माणसाच्या घशाला तरी आराम पडू दे!" असं म्हणून तिने रागारागाने पेंढ्या काढायला लावल्या, आणि साल ओढली तर काय! वाख असा निघाला की एका हौदात धुऊन मोकळा. आक्का हातातल्या वाखाकडे बघत राहिली, मग वर खिडकीकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला.

पुढच्या खेपेला तिने कान लावून ठेवले. मास्तर आधी नुसते खाकरत. मग "काय हे!" असं स्वतःशीच म्हणत. मग एका ठरावीक घटकेला त्यांचा संयम सुटायचा आणि ते माणसं, गिधाडं वगैरे काढायचे. ती घटका म्हणजे गोडसरपणा सरल्याची घटका. मास्तरांना गोडसर आंबूस कसाबसा सोसायचा, त्याच्या पुढचा क्षणभरही सोसायचा नाही. सासू गेल्यापासून आक्काला असं नाक दुसरं भेटलं नव्हतं, आणि ते मुकाट नव्हतं, चांगलं ओरडून सांगणारं होतं! ती मनातल्या मनात रोज त्या खिडकीला हात जोडायची.

तर अशी ही तिसरी खेप. पेंढ्या वेळेवर निघाल्या, धुण्याला एकच हौद लागला. मुलगा खूश झाला. "आई, पुढच्या खेपेला बैठकीतली माणसं बघायला येणार आहेत. असंच जमलं तर हौद राहिला म्हणून समज."

आनंदाच्या भरात माणूस काय करून बसेल याचा नेम नाही. आक्काने सगळ्यात चांगला वाख निवडून काढला, स्वतः बसून त्याची जाड चटई विणली, आणि मास्तरांच्या शिलाई मशीनखाली घालायला म्हणून सुनेच्या हाती वर पाठवून दिली. "म्हणावं, आक्काने दिलीय. इतकी वर्षं सोसताय म्हणून."

मास्तर चटईकडे बघतच राहिले, असं सून सांगत आली. डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं त्यांच्या, म्हणाली.

आक्का कृतकृत्य झाली. आणि नव्या पेंढ्या हौदात पडल्या.

आंबूस व्हायची वेळ आली, तरी वरून खाकरणं नाही. आक्काने मान वर करून बघितलं. खिडकी बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मशीनचा आवाज येत होता, म्हणजे मास्तर घरातच होते.  आपण काय करून बसलो ते तिच्या हळूहळू ध्यानात आलं. भल्या माणसाला भेट दिली होती, तो आता भल्या माणसासारखा वागत होता. दारं-खिडक्या लावून, गुदमरत, एक शब्द न बोलता सोसत होता.

तिने खिडकीखाली उभं राहून बायकांना मोठमोठ्याने हाका मारल्या. बांबू घेऊन हौद ढवळला, वास वर जावा म्हणून. पत्र्यावरचं मांजर उठून निघून गेलं, मास्तर ढिम्म. मग तिने सहज विचारल्यासारखं सुनेला विचारलं, "वास कसा काय येतोय गं?"

"येतोय की. नेहमीसारखा."

"तसं नाही. आज कसा?"

"आई, या घरात आल्यापासून मला तो एकच वास येतोय," सून म्हणाली. तिचंही खरं होतं. त्यात राहणाऱ्यांची नाकं त्याला सरावली होती, आणि सोलणाऱ्या बायकांचीही तीच गत.

आक्काने काड्या मोडून बघितल्या. मधली सुटली, कडेची सुटेना. आज काढाव्यात तर वाख चिकट, तीन हौद पाणी, आणि बघायला आलेल्या माणसांसमोर हौदाला कुलूप. थांबावं तर अख्खा माल मातीत.  मग ती उठली, हात पदराला पुसले आणि मास्तरांचा जिना चढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मास्तर मशीनवर होते. नाकातोंडाला रुमाल बांधलेला, पायाखाली चटई. तिला बघून ते घाईघाईने रुमाल सोडायला लागले, जणू चोरी पकडली गेली.

"बसा, बसा आक्का. काही त्रास नाही हं मला. अगदी काही नाही."

"मास्तर," आक्का दारातच उभी राहून म्हणाली, "तुम्ही ओरडत का नाही हो?"

"आँ?"

"ओरडा ना! तुमच्या पाया पडते. खिडकी उघडा आणि ओरडा."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असा चेहरा केला. आणि मग आक्काने जे सख्ख्या मुलाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. ताप, नाक, करपलेलं दूध, लवकर काढलेल्या पेंढ्या, फुकट गेलेलं पाणी, आणि त्यांच्या ओरडण्यावर चाललेला हौद. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

मास्तरांनी सोडलेल्या रुमालाची नीट घडी घातली. आक्काला वाटलं, आता हा माणूस हसणार. गल्लीभर करणार.

"म्हणजे तुम्ही माझं ऐकत होता ते यासाठी," ते शेवटी म्हणाले.

"चुकलं माझं."

"अहो चुकलं काय! मला वाटत होतं, तुम्ही माझा शब्द ठेवताय." मास्तर ओशाळं हसले. "खरं सांगू का, आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही. मी ओरडलो की बायको रेडिओ मोठा करते. गिऱ्हाईक म्हणतं बाही लांब झाली, मी म्हणतो बरोबर आहे, तरी मलाच उसवावी लागते. आणि तुम्ही? मी खिडकीतून एक हाक मारतो नि तुम्ही त्या घडीला हौद रिकामा करता. मी बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, जगात एक तरी माणूस माझं ऐकतं. चटई आली तेव्हा तर मला लाज वाटली. म्हटलं, इतक्या मानी बाईला आपण किती बोललो."

 दोघंही एकमेकांचे इतके उपकार मानत बसली होती, आणि दोघांचाही हिशेब साफ चुकलेला होता.

"चला," मास्तर उठले. "कुठे उभं राहायचं?"

ते खाली आले. रुमाल खिशात घातला, हौदाच्या काठावर गेले, आणि फाशी जाणाऱ्या माणसासारखा श्वास घेतला.

"काय येतंय?" आक्काने विचारलं.

"काय म्हणजे? घाण येतेय!"

"घाण मलाही माहीत आहे. कसली?"

मास्तर विचारात पडले. आजवर त्यांनी या वासाला शिव्या दिल्या होत्या, त्याची विचारपूस कधी केली नव्हती. त्यांनी डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. "फुलदाणीत फुलं ठेवून विसरावं ना, तसं पाणी. आणि... आणि आत कुठेतरी फळ जास्त पिकल्यासारखं."

"गोडसर?"

"हो. गोडसरच म्हणायचं."

आक्काच्या अंगावर काटा आला. "मग अजून नाही. ते गेलं की सांगा."

मास्तरांनी वरून बटणं लावायचे शर्ट मागवले आणि स्टूल टाकून काठावर बसले. सुनेने चहा दिला, तो त्यांनी नाक न धरता प्यायला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बैठकीतली माणसं आली, मुलगा आला, आणि मास्तरांना तिथे बसलेलं बघून सगळे चक्रावले. दुपार कलायला लागली तरी मास्तर मधूनमधून नाक वर करायचे, मान हलवायचे, पुन्हा बटणं लावायचे. मग एकदा सुई हवेतच थांबली. ते उठले, वाकले, पुन्हा एकदा हुंगलं.

"आक्का, गेलं."

"नक्की?"

"नक्की. आता फक्त घाण आहे."

"काढा गं!" आक्का ओरडली. आवाजात जुनी आक्का होती.

पेंढ्या भराभर निघाल्या. साल ओढली की वाख अंगरखा उतरवावा तसा सुटत होता. धाकटा हौद एकदाच भरला, वाख त्यातच धुऊन निघाला, आणि शेवटचं पाणी इतकं निवळ राहिलं की हौदाचा तळ दिसत होता. ते पुढच्या खेपेला ठेवलं. लॉन्ड्रीवाल्याने, जो बैठकीत सगळ्यात जास्त तावातावाने बोलला होता, वाकून हौदात बघितलं आणि म्हणाला, "एवढ्यातच झालं? मग हौदाला कोण ना म्हणतंय!"

मुलाचा चेहरा फुलला. "आईचं नाक आहे हो ते," तो अभिमानाने सांगायला लागला. आक्काने त्याला मधेच थांबवलं. गप्प बसून तिला हे सहज निभावता आलं असतं. पण ज्या माणसाने दिवसभर तिच्यासाठी तो वास सोसला, त्याच्यासमोर हा मान घेणं तिच्याने होईना.

"माझं नाक मागल्या थंडीतच गेलंय. आजचं नाक मास्तरांचं. मधल्या काळात जे पाणी फुकट गेलं, ते माझ्या भीतीने गेलं."

 मग सून पुढे आली. ती गहिवरली वगैरे नव्हती, संतापली होती. "आणि गॅस? तुम्ही पहाटे एकट्या स्वयंपाकघरात असता! गॅस सुटला असता तर कळलं असतं का तुम्हाला? सांगायचं नाही? आम्ही परके आहोत?" बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि तिने आक्काचा दंड घट्ट धरला, तो सोडेचना.

"तुला हौदावरून कुणी उठवणार नाही," मुलगा हळूच म्हणाला. "नाक मास्तरांचं असेल. पण काय विचारायचं ते तुलाच माहीत होतं ना?"

आक्काने मान हलवली. आपल्याला किती माणसं आहेत, हे तिने इतके दिवस मोजलंच नव्हतं. देवा, किती दिलंयस, एवढंच तिला म्हणावंसं वाटलं.

वाख दोरीवर वाळला तेव्हा मास्तर पुन्हा खाली आले, आता न बोलावता. आक्काने एक बट काढून त्यांच्या हातात दिली.  मग चाचरत म्हणाली, "मास्तर, एक विचारू? कामाचं नाहीये. वाळल्यावर याला कसा वास येतो, तेही सांगाल का?"

मास्तरांनी वाख नाकाशी धरला. सवयीने आधी कपाळावर आठी पडली, मग ती मोडली. त्यांनी पुन्हा हुंगला.

"अहो, हा तर माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "कापडाचा नवा तागा आणला की दोरी कापून पहिली घडी उलगडतो ना मी, त्या वेळी येतो तो. कोरा. मला तर दिवसातला तोच वेळ सगळ्यात आवडतो."

आक्काने डोळे मिटून घेतले. इतके महिने न आलेलं रडू आता आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

"तोच," ती म्हणाली. "अगदी तोच. मी विसरत चालले होते हो."